अडलेलं पाणी

गरम पाण्याने विसळलेला काचेचा ग्लास ओल्या, गुळगुळीत ओट्यावर उपडा ठेवला, की कधीकधी तो आपोआप सरकायला लागतो. कुणी हात लावलेला नसतो, उतारही डोळ्यांना जाणवेल इतका नसतो. लहानपणी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरून बाबांना हाक मारली होती. बाबा धरणांच्या कामावर इंजिनिअर होते. ते आले, ओट्याशी वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, आत कोंडलेली हवा तापून फुगतेय. काठ ओला आहे, त्यामुळे तिला बाहेर पडायला फट नाही. मग ती ग्लासलाच जरासं उचलून धरतेय. उचलून धरलेली वस्तू सरकवायला कितीसा जोर लागतो?" तेवढ्यात काठाखालून एक बुडबुडा निसटला आणि ग्लास होता तिथेच थांबला.

"पाणीही असंच करतं," बाबा म्हणाले. "धरणाच्या पुढ्यात साठलेल्या पाण्यापेक्षा मला धरणाच्या खाली शिरलेल्या पाण्याची धास्ती जास्त."

ते वाक्य नीट कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. काँक्रीटचं धरण स्वतःच्या वजनावर उभं असतं. खडकाच्या फटींतून झिरपत पाणी पायापाशी पोचलं आणि तिथे दाबाखाली कोंडलं, तर ते धरणाला खालून वर रेटतं. धरणाचं वजन होतं तेवढंच राहतं, पण खडकावर टेकलेला भार कमी होतो. फ्रान्समधलं बूझे धरण १८९५ मध्ये फुटलं, ८० हून अधिक माणसं गेली, आणि या खालून येणाऱ्या रेट्याचा हिशेब अभियंते मनापासून मांडू लागले. मोठ्या धरणांच्या पोटात गॅलरी, म्हणजे आतून चालत जायचा बोगदा, असते ती याचसाठीसुद्धा. तिथून पायात भोकं पाडून पाण्याला मुद्दाम बाहेर पडू दिलेलं असतं. बाबा त्या गॅलरीत उतरून गळती मोजायचे. गळती वाढली की काळजी वाटणार, हे कुणालाही समजेल. पण ती अचानक कमी झाली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. पाणी आटलं नसून त्याची वाट बुजली असेल, तर?

हे सगळं एकदम आठवलं ते गोमुखासमोर.

गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब. तिच्या टोकाशी, साधारण ४,००० मीटर उंचीवर, मातकट, निळसर बर्फाची भिंत उभी असते आणि तिच्या बुडातून भागीरथी बाहेर पडते. माझ्या मनात तोवर एक भाबडं चित्र होतं: समोरची भिंत उन्हाने वितळते आणि तिचं पाणी नदी होऊन वाहतं. प्रत्यक्षात जे दिसलं ते वितळण्यापेक्षा उसळणं होतं. एवढं पाणी एका भिंतीचं असणं शक्यच नव्हतं. ते मागून, आतून, कित्येक किलोमीटर बर्फाखालून आलेलं होतं. सकाळी तो प्रवाह आवरलेला होता, दुपार कलताना त्याचा आवाज बदलला, पाणी चढलं. आणि त्याचा रंग! बर्फाचं पाणी नितळ असेल असं वाटत होतं, तर हे राखेसारखं करडं. मी बाटलीत थोडं भरून घेतलं. दुसऱ्या दिवशीही ते गढूळच होतं. तो गढूळपणा म्हणजे पिठासारखा बारीक दळलेला खडक. बर्फ आपल्या तळात रुतलेल्या दगडांसह जमिनीवरून घासत जातो, तेव्हा हे पीठ पडतं. म्हणजे वरून अचल दिसणारी ती हिमनदी खाली सरकत होती, आणि सरकल्याची खूण पाण्यात घालून बाहेर पाठवत होती.

तेव्हापासून हे बर्फाखालचं पाणी माझ्या मनातून गेलेलं नाही. मिळेल ते वाचत आले. आणि सुरुवातीला जी समजूत करून घेतली होती, ती पुढे जवळजवळ उलटीच करावी लागली.

समजूत सोपी होती. बर्फाखाली पाणी म्हणजे वंगण. जितकं जास्त पाणी, तितका बर्फ वेगाने सरकणार.

बर्फ हलतो हे डोंगरातल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, पण तो कसा हलतो यावर एकोणिसाव्या शतकात फार मोठे वाद झाले. लुई अगासी हा स्विस अभ्यासक आल्प्समधल्या उंटरआर हिमनदीवर मुक्काम ठोकून राहिला. १८४१ मध्ये त्याने बर्फातल्या एका उभ्या विवरात उतरायचं ठरवलं. विवरात पडणारा ओढा आधी दुसरीकडे वळवला आणि स्वतःला दोराने आत सोडायला लावलं. भिंतींतले निळे पट्टे पाहण्यात तो इतका गढून गेला की सुमारे १२० फुटांवर पाय बर्फगार पाण्यात बुडाले तेव्हाच भानावर आला. वरच्या माणसांना त्याचा आवाज आधी नीट कळलाच नाही. मग कसंबसं त्याला वर ओढून घेतलं. हिमनदीच्या पोटातल्या पाण्याला माणसाचे पाय लागल्याचा हा प्रसंग मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा मला त्या मुलखावेगळ्या उत्सुकतेचं प्रेम वाटतं. पुढच्याच वर्षी, १८४२ मध्ये, जेम्स फोर्ब्स या स्कॉटिश शास्त्रज्ञाने आल्प्समधल्याच मेर द ग्लास या हिमनदीवर खुणा रोवून मोजमाप केलं. बर्फ रात्रंदिवस सरकत होता, काठापेक्षा मध्यात जास्त. आणि ऊन-पावसाच्या दिवसांत, वितळण जास्त असताना, त्याचा वेग वाढत होता. पाण्याचा हात आहे हा संशय तेव्हापासूनचा.

बर्फाला हलायला पाणी लागतंच असं मात्र नाही. तो स्वतःच्या वजनाखाली अतिशय सावकाश, घट्ट मधासारखा वाहतो. जॉन ग्लेन या ब्रिटिश संशोधकाने १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत बर्फाचे ठोकळे दाबून पाहिले आणि दाखवलं की ताण दुप्पट केला तर हा वाहण्याचा वेग साधारण आठपट होतो. तळाशी खडकाला गोठून चिकटलेल्या हिमनद्या एवढ्याच जोरावर पुढे जातात, मुंगीच्या पावलांनी. त्यातही पाणी लुडबुड करतंच. वितळणबिंदूला टेकलेल्या बर्फाच्या कणाकणांमध्ये केसाहून बारीक शिरा असतात आणि त्यांत पाणी असतं. पॉल दुवाल या फ्रेंच संशोधकाने १९७७ मध्ये दाखवलं की बर्फात टक्क्याहूनही कमी पाणी असलं तरी तो जवळपास तिप्पट सहज वाकतो. शिवाय वरचं पाणी भेगांतून आत जाऊन गोठलं, तर गोठताना उष्णता सोडतं. एक ग्रॅम पाणी गोठलं तर सुमारे १६० ग्रॅम बर्फ एका अंशाने तापतो. थंड, ताठ बर्फ असा आतून मऊ होत जातो.

पण खरी गोष्ट तळाशी आहे.

१०० मीटर जाडीचा बर्फ घ्या. बर्फ पाण्याहून हलका, म्हणून त्या सगळ्या बर्फाचं वजन तोलायला सुमारे ९२ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पुरतो. समजा, वरपासून तळापर्यंत गेलेल्या एखाद्या विवरात पाणी साठत साठत तिथवर चढलं आणि ते विवर तळाच्या पाण्याशी जोडलेलं असलं, तर त्या जागी बर्फ जमिनीवर टेकलेला राहतच नाही. तो पाण्यावर तोललेला असतो. ९२ मीटरपर्यंत जायचीही गरज नसते, पाणी जसजसं त्या पातळीजवळ जातं तसतशी तळाची पकड सुटत जाते. इथे मला ओट्यावरचा ग्लास दिसला आणि 'वंगण' हा शब्द मी मनातून काढून टाकला. वंगण पृष्ठभागाला निसरडं करतं. हे पाणी वजन उचलतं. त्यात किती पाणी आहे यापेक्षा ते कोणत्या दाबाखाली आहे, म्हणजेच त्याला बाहेर पडायला वाट आहे की नाही, हे महत्त्वाचं.

आणि वाटेच्या बाबतीत बर्फाखालचं पाणी दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी वागतं. या भागावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

पहिली तऱ्हा. बर्फ खडकावरच्या उंचवट्यावरून पुढे सरकतो तेव्हा उंचवट्याच्या पाठीमागे त्याला लगेच खाली बसता येत नाही. तिथे एक पोकळी राहते. अशा असंख्य पोकळ्या, आणि त्यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या फटी. पाणी यांतून वळसे घेत, अडत-अडखळत जातं. या जाळ्यात पाणी वाढलं की दाब वाढतो, बर्फ उचलला जातो, वेग वाढतो. दुसरी तऱ्हा म्हणजे बोगदा. वाहतं पाणी घर्षणाने थोडी उष्णता तयार करतं आणि भोवतालचा बर्फ वितळवतं. एखादी फट जरा रुंद झाली की तिच्यातून जास्त पाणी जातं, जास्त पाण्याने ती आणखी रुंद होते. बर्फ मात्र सतत आपल्या भाराने तिला मिटवायला बघत असतो. हे वितळणं आणि मिटणं यांचा हिशेब स्विस अभियंता-संशोधक हान्स रॉथलिसबर्गरने १९७२ मध्ये मांडला आणि त्यातून एक विलक्षण गोष्ट निघाली. बोगदा जितका मोठा आणि भरवाहता, तितका त्यातला दाब कमी. दाब कमी म्हणून आजूबाजूच्या पोकळ्यांतलं पाणी त्याच्याकडे ओढलं जातं. लहान बोगदे मोठ्याला मिळतात, झाडाच्या फांद्या खोडाला मिळाव्यात तसे, आणि तळावरचा एकूण दाब उतरतो. जास्त पाणी वाहत असूनही बर्फ खाली टेकतो आणि मंदावतो.

पाणी अडलं की बर्फ सुटतो, आणि पाण्याला वाट फुटली की बर्फ अडतो. एवढं एक वाक्य मी माझ्यापुरतं वहीत लिहून ठेवलं आहे.

वसंतात हे सगळं एका हिमनदीवर क्रमाने घडताना दिसतं. हिवाळाभर पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे बोगदे मिटून गेलेले असतात. पहिलं वितळलेलं पाणी खाली पोचतं तेव्हा त्याला तयार वाट नसते. ते पोकळ्यांत कोंडतं. उंटरआर हिमनदीवरच, अगासीनंतर सुमारे १४० वर्षांनी, अल्मुट इकेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की वितळण सुरू होताच बर्फाचा पृष्ठभाग चक्क वर उचलला जातो, अर्ध्या मीटरच्या आसपास. शेकडो मीटर जाडीचा बर्फ. त्यांचं १९८३ चं निरीक्षण मला अजून चकित करतं: बर्फ सगळ्यात वेगाने सरकत होता तो सर्वांत उंच उचललेला असताना नव्हे, तर उचलला जात असताना. पोकळ्या भरत असतात, पाण्याचा दाब कळसाला असतो, तो क्षण वेगाचा. पोकळ्या पुरेशा मोठ्या झाल्या, एकमेकींना मिळाल्या, की जोर ओसरतो. मग उन्हाळा चढतो, बोगदे तयार होतात, आणि ऐन वितळणीच्या दिवसांत हिमनदी वसंतापेक्षा हळू चालू लागते.

वाट मुळीच सापडली नाही तर काय होतं, याचं उत्तर अलास्कातल्या व्हेरिगेटेड हिमनदीने दिलं. सुमारे २० किलोमीटर लांबीची ही हिमनदी दीड-दोन दशकं संथ असते आणि मग एकाएकी उधळते. यावेळी ती उधळायच्या आधीच संशोधक तिच्यावर खुंट्या रोवून तयार होते. १९८२ च्या हिवाळ्यात, भर थंडीत, वरच्या भागात वेग वाढू लागला. हिवाळाच का, हे आता कळतं: तेव्हाच बोगदे बंद असतात. १९८३ च्या जूनमध्ये बर्फाचे काही भाग दिवसाला ६० मीटरच्या आसपास धावत होते. बार्कले कॅम्ब आणि सहकाऱ्यांनी वर एका ठिकाणी पाण्यात रंग सोडला आणि खाली टोकाशी तो कधी येतो याची वाट पाहिली. उधाण चालू असताना रंगाला यायला दिवसच्या दिवस लागले, आणि आला तोही पसरून, विरून, अनेक प्रवाहांतून. ४ आणि ५ जुलैला टोकापासून गढूळ पाण्याचा मोठा लोंढा बाहेर पडला आणि काही तासांत हिमनदी मंदावली. नंतर पुन्हा रंग सोडला, तर तेवढंच अंतर तो तासांत पार करून आला. पाण्याला बोगदा सापडला होता. ओट्यावरचा बुडबुडा निसटावा तसं सगळं निसटलं आणि बर्फ थांबला.

या सगळ्याला आज जी तातडी आहे ती ग्रीनलँडमुळे. तिथे १९९० पासून 'स्विस कॅम्प' नावाचं संशोधन-ठाणं होतं, कोनराड स्टेफेन यांनी उभारलेलं. त्या ठिकाणी बर्फाची जाडी किलोमीटरहून जास्त. एवढ्या जाड, थंड बर्फाखाली पृष्ठभागावरचं पाणी पोचतं हे कुणी फारसं गृहीत धरत नव्हतं. २००२ मध्ये नासाचे झ्वाली, स्टेफेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तिथला बर्फ उन्हाळ्यात, वितळणीच्या बरोबरीने, वेग घेतो. म्हणजे पाणी खाली जात होतं. मग भीती उभी राहिली: तापमान वाढणार, पाणी वाढणार, बर्फ धावत समुद्राकडे निघणार.

पाणी एवढं खोल जातं कसं? कोरडी भेग ३०-४० मीटरच्या खाली बर्फाच्या दाबाने मिटते. पण ती पाण्याने भरली तर गोष्ट बदलते. पाणी बर्फाहून जड असल्याने भेगेच्या टोकाशी ते बर्फाच्या दाबावर मात करत राहतं आणि भेग उभी चिरत तळापर्यंत नेतं. २००६ च्या जुलैमध्ये सारा दास आणि इयान जॉकिन यांची उपकरणं ग्रीनलँडच्या बर्फावरच्या एका सरोवराकाठी होती. सुमारे ५.६ चौरस किलोमीटरचं ते सरोवर ९८० मीटर जाड बर्फ भेदून साधारण दीड तासात खाली रिकामं झालं. त्या वेळचा प्रवाह नायगाराच्या सरासरी प्रवाहाहून मोठा होता. भोवतालचा बर्फ १.२ मीटर वर उचलला गेला. आणि दिवसभरात परत खाली बसला.

त्या शेवटच्या वाक्यावर मी वाचता वाचता थांबले होते. एवढं पाणी, आणि दिवसभरात खाली?

इतक्या पाण्याने आपली वाट खोदली, हेच त्याचं कारण. क्रिस्टियन शूफ यांनी २०१० मध्ये गणिताने मांडलं की एकसारखं, भरपूर पाणी बोगदे घडवतं आणि बर्फाला मंद करतं. वेग वाढवतो तो पाण्याचा चढउतार: अचानक रिकामं झालेलं सरोवर, अवेळी पडलेला पाऊस, दुपारी वाढून पहाटे ओसरणारी वितळण. बोगद्याला ऐसपैस व्हायला वेळ लागतो आणि पाणी तेवढं थांबत नाही. नैर्ऋत्य ग्रीनलँडच्या जमिनीवर संपणाऱ्या एका मोठ्या पट्ट्यात तर २००७ ते २०१४ मधला बर्फाचा वेग १९८५ ते १९९४ च्या मानाने सुमारे १२ टक्क्यांनी कमी भरला, वितळण वाढलेली असूनही.

ही बातमी ऐकून हायसं वाटून घेणारी माणसं मला भेटली आहेत, आणि मला ते पटत नाही. वितळलेलं पाणी समुद्रात जातंच, बर्फ हळू चालला म्हणून ते परत गोठत नाही. शिवाय ज्या हिमनद्या थेट समुद्रात उतरतात त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या तळातून सुटणारं गोडं पाणी खारट पाण्याहून हलकं असल्याने बर्फाच्या कड्याला लागून वर उसळतं, खोल समुद्रातलं उबदार पाणी आपल्याबरोबर ओढून आणतं आणि कडा पाण्याखालून पोखरतं. तिथे पाण्याला वाट मिळणं हेच बर्फाच्या मुळावर येतं.

ग्रीनलँडमध्ये या विवरांतून पाणी पुढे नेमकं कुठे जातं हे कळावं म्हणून २००८ मध्ये नासाच्या संशोधकाने याकोब्सहाव्न हिमनदीवरच्या एका विवरात ९० पिवळी रबरी बदकं सोडली होती. त्यांच्यावर संपर्काचा पत्ता लिहिलेला होता, कुणा मच्छीमाराला सापडली तर कळवावं म्हणून. एकही बदक परत आलं नाही. बर्फाच्या त्या अंधारात ती कुठल्या पोकळीत अडकली असतील, की बोगद्याच्या भिंतीत गोठली असतील, हा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो.

आणि कोनराड स्टेफेन. ८ ऑगस्ट २०२० ला, आपल्याच स्विस कॅम्पजवळ, ते पाण्याने भरलेल्या हिमभेगेत पडून गेले. त्यांनी तीस वर्षं ज्या बर्फाचा वेग आणि वितळण मोजली, त्याच बर्फात. यावर जास्त काही लिहिण्याचा धीर मला होत नाही.

अंटार्क्टिकात वरून पाणी जवळजवळ येतच नाही, तरी खाली पाणी आहे. जमिनीची उष्णता वर्षाला पाच-सहा मिलिमीटर बर्फ वितळवू शकते, घर्षण त्यात भर घालतं, आणि कित्येक किलोमीटर जाड बर्फाचं पांघरूण ती ऊब टिकवतं. शिवाय दाबाने वितळणबिंदू शून्याखाली जातो. व्होस्टोक सरोवर असंच सुमारे पावणेचार किलोमीटर बर्फाखाली, अडीचशे किलोमीटर लांब. पश्चिम अंटार्क्टिकात ओल्या चिखलावरून बर्फाचे रुंद पट्टे समुद्राकडे वाहतात. त्यातला व्हिलन्स नावाचा पट्टा दिवसातून दोनदा, भरती-ओहोटीच्या तालावर, झटका देऊन अर्धा मीटरभर पुढे सरकतो आणि मधल्या वेळात थबकलेला असतो. त्याच्या शेजारचा पट्टा मात्र सुमारे दीडशे वर्षांपूर्वी थांबला. त्याच्या खालचं पाणी शेजाऱ्याने पळवलं असावं किंवा तळ गोठला असावा, अशी कारणं मांडली गेली आहेत. या थांबलेल्या बर्फाला नाव दिलंय बार्कले कॅम्ब यांचं, ज्यांनी अलास्कातला सगळ्यात उधळलेला बर्फ मोजला होता.

कोंडलेलं पाणी माणसांच्या वस्तीवर येतं तेव्हा या सगळ्या नवलाचा रंग उतरतो. १२ जुलै १८९२ च्या रात्री आल्प्समधल्या तेत रूस या लहानशा हिमनदीच्या पोटात साठलेलं पाणी फुटून बाहेर आलं. खालच्या सां-झर्वे गावात १७५ माणसं मेली. वरून त्या हिमनदीवर काहीही दिसत नव्हतं. २०१० मध्ये त्याच हिमनदीच्या आत पुन्हा हजारो घनमीटर पाणी साठल्याचं मोजमापांत आढळलं, तेव्हा बर्फात भोकं पाडून ते उपसून काढलं. तिबेटमधल्या अरू पर्वतात २०१६ साली, जुलैत आणि सप्टेंबरात, शेजारशेजारच्या दोन हिमनद्यांची तोंडं अक्षरशः सुटून दरीत गेली. उतार सौम्य होता. पहिल्या वेळी ९ माणसं आणि शेकडो जनावरं गाडली गेली. तळाशी साठलेलं पाणी आणि भिजलेला मऊ चिखल यांनी बर्फाची पकड सोडवली होती. असं काही वाचलं की मला तो ओट्यावरचा ग्लास आठवत नाही, बाबांच्या कपाळावरची आठी आठवते.

गेल्या महिन्यात बाबांना मी नॉर्वेतल्या एंगाब्रीन हिमनदीखालची चित्रफीत दाखवली. तिथे जलविद्युत प्रकल्पासाठी डोंगरातून बोगदे खणले आहेत आणि त्यांच्यातून चालत सुमारे २०० मीटर बर्फाच्या बुडाशी पोचता येतं. खडक संपतो तिथे बर्फ सुरू होतो. संशोधक गरम पाण्याचा फवारा मारून बर्फात खोली वितळवतात, तिच्यात उपकरणं बसवतात, आणि काही दिवसांत वरचा भार ती खोली मिटवून टाकतो. छतात दगड रुतलेले दिसतात. सगळं छत नजरेला न जाणवता पुढे चाललेलं असतं. थेंब टपटपत असतात.

बाबांना आता नीट ऐकू येत नाही. त्यांनी पडदा जवळ ओढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ त्या टपटपणाऱ्या छताकडे पाहत राहिले. माणसं उभी होती त्या बोगद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही गॅलरीच झाली की."

"हो बाबा. बर्फाखालून येणारं पाणी इथूनच गोळा करून विजेसाठी नेतात."

"आणि ते मोजतात का?"

"मोजतात, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि चित्रफीत पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली.